कार्डावर दारू सुटते का?

रोवणी नुकतीच आटोपली होती. त्या दिवसांत आमच्या दवाखान्यात चिखल्या, कंबरदुखी आणि ताप यांचीच गर्दी असते. त्या गर्दीत सडक अर्जुनीकडची एक बाई नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून एकटीच आत आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) प्लास्टिकच्या पिशवीतून तिने केशरी रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड आणि नवऱ्याचे आधार काढून टेबलावर नीट मांडले आणि विचारले, "डॉक्टर साहेब, कार्डावर दारू सुटते का जी?"

मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. कारण अर्थातच दारू. तेव्हा तो नऊ दिवस भरती होता आणि सगळा खर्च योजनेतून झाला. घरी आल्यावर महिनाभर तो चांगला राहिला. दिवाळीनंतर गावात मंडई भरली, रात्री नाटक होते, मित्र आले, आणि पुन्हा सुरू झाले. "पोटाचं कार्डावर झालं, मग दारूचं काऊन नाही?" असे तिचे म्हणणे होते.

मी तिला दोन मिनिटांत जे उत्तर दिले ते अर्धवट होते. बाहेर पंचवीस पेशंट थांबलेले असताना त्याहून जास्त जमत नाही. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. स्किझोफ्रेनियाच्या मुलाला घेऊन येणारे वडील हेच विचारतात, डिप्रेशनच्या गोळ्या वर्षभर घ्याव्या लागतील म्हटल्यावर सुनेचे सासरेही हेच विचारतात. मनाच्या आजाराचा आणि व्यसनाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आपल्या भागात दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याचे उत्तर कसे कसे बदलत गेले ते कळले, तर हातातले कार्ड कुठे चालते आणि कुठे अडते हेही कळेल.

नागपूरचा पागलखाना

गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात होतो आणि इंग्रजांच्या काळात भंडारा मध्य प्रांतात होता. हा प्रांत १८६१ मध्ये तयार झाला आणि तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरला वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. आमच्या भागातली म्हातारी माणसे अजून त्याला पागलखानाच म्हणतात आणि कोणाला 'नागपूरला पाठवले' म्हटले की आवाज खाली आणतात.

त्या काळी पैसा कशासाठी खर्च व्हायचा, हे तेव्हाच्या कायद्यांवरून कळते. १८५८ चा कायदा आणि पुढे १९१२ चा भारतीय वेडेपणाचा कायदा, दोन्हींचा भर माणसाला ताब्यात घेऊन ठेवण्यावर होता. भरतीचा हुकूम मॅजिस्ट्रेट द्यायचा. रुग्ण गरीब असेल तर त्याच्या खाण्यापिण्याचा भार सरकारी तिजोरीवर, आणि त्याच्या नावावर जमीनजुमला असेल तर त्यातून वसुली. थोडक्यात, सरकार पैसे द्यायचे ते खाटेचे आणि कुलपाचे. घरी राहणाऱ्या, अधूनमधून बिघडणाऱ्या, शेतावर कामही करू शकणाऱ्या रुग्णासाठी त्या हिशोबात एक पैसाही नव्हता. त्याला औषधच नव्हते, हेही खरे. मनाच्या गंभीर आजारावरचे पहिले परिणामकारक आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५० च्या दशकात आले. त्याआधी 'घरी ठेवून उपचार' याला फारसा अर्थ नव्हता.

व्यसनाची गोष्ट आणखी मजेची. वेड्यांच्या इस्पितळांच्या रजिस्टरांत आजाराच्या कारणाचा एक रकाना असे आणि त्यात बऱ्याचदा 'गांजा' लिहिलेले असे. त्यावरून इंग्लंडमध्ये ओरड झाली आणि १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर एक मोठा आयोग बसला. आयोगाने ती रजिस्टरे तपासली तेव्हा यातल्या पुष्कळ नोंदींना आधारच नव्हता असे निघाले. रुग्णाला घेऊन येणारा पोलीस जे सांगेल ते कारण म्हणून लिहिले जाई. रकाना रिकामा सोडायचा नाही ही सरकारी सवय तेव्हाही होती. दुसरीकडे, त्याच सरकारला दारूच्या ठेक्यांतून अबकारीचे भक्कम उत्पन्न मिळत होते. आपल्याकडच्या मोहाच्या दारूचाही त्यात वाटा होता. दारूकडे सरकार जमेची बाजू म्हणून पाहत होते. ती सोडवण्यासाठी खर्च करावा, हा विचार अजून जन्मला नव्हता.

रेल्वे १८८० च्या दशकात आपल्या भागातून छत्तीसगडकडे गेली आणि नागपूर जवळ आले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. आज हे अंतर दोन-अडीच तासांचे वाटते. पण दर महिन्याला गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन हे अंतर कापायचे असेल, तर चौथ्या महिन्यात गोळ्या बंद होतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या 'पुन्हा बिघडलेल्या' पेशंटांत ही गोष्ट वारंवार दिसते. दीडशे वर्षांपूर्वी सोय म्हणजे नागपूरची खाट, हे जे ठरले, त्याचा परिणाम इतका लांब पोचला.

विमा आला, यादी आली

आजारपणाचा विमा सरकारने काढायचा ही कल्पना जर्मनीची, १८८३ ची. पण तिथेही दारूच्या व्यसनाला विम्याने 'आजार' मानावे यासाठी १९६८ उजाडावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने निकाल दिला की दारूचे व्यसन हा आजार आहे आणि विमा संस्थेला उपचाराचा खर्च टाळता येणार नाही. म्हणजे विमा सुरू झाल्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की 'स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेले, त्याला कशाला पैसे' हा विचार फक्त आपल्याकडचा नाही.

आपल्याकडे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली इथून ती योजना, म्हणजे आपली ईएसआय, सुरू झाली. ईएसआयमध्ये लांबलेल्या आजारांसाठी वाढीव आजारपण भत्ता आहे, आणि तो कोणत्या आजारांना मिळतो याची ३४ आजारांची यादी आहे. या यादीत सायकोसिस, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार, आहेत. ही मोठी गोष्ट आहे आणि कारखान्यात काम करणाऱ्या फार थोड्या कुटुंबांना ती माहीत असते. क्षयरोग, कॅन्सर, लकवा यांच्या रांगेत मनोविकाराला बसवणारी ही आपल्याकडची जुनी सरकारी यादी. त्याच यादीत लिव्हर सिरॉसिस, म्हणजे पोटात पाणी होण्यापर्यंत खराब झालेले यकृतही आहे. व्यसन मात्र नाही. तेव्हा कामगाराचे यकृत दारूने जाईपर्यंत थांबले, तर यादीत जागा आहे.

पण ईएसआय पगारी कामगारांसाठी. गोंदियात पगारी कामगार किती? इथे धान, तेंदूपत्ता आणि बिडी. घराघरांत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी १९७६ मध्ये केंद्राने वेगळा कल्याण निधी केला. बिडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. या निधीतून क्षय, कॅन्सर, हृदयरोग यांच्याबरोबर मानसिक आजाराच्या उपचारालाही मदतीची सोय होती. हा खरे तर सुंदर प्रकार होता. ज्या धंद्यातून आजार येतो त्याच धंद्यातून उपचाराचा पैसा, आणि त्यात मनाचा आजारही धरलेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर संपला. कामगारांचे ओळखपत्र आणि काही योजना राहिल्या, पण ज्या नळातून पाणी येत होते तो बंद झाला. ज्यांच्या घरात जुनी बिडी कामगार कार्डे आहेत, त्यांनी ती फेकू नयेत एवढे मात्र सांगतो.

पिवळे कार्ड, केशरी कार्ड

गरिबांसाठीचा आरोग्य विमा महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने आला. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली, पण ती हृदय, मेंदू, किडनी अशा मोठ्या आजारांपुरती. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली: पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण, ३० रुपये नोंदणी, हातात स्मार्ट कार्ड. काय मिळणार नाही याची जी यादी तिच्यासोबत होती, ती वाचण्यासारखी आहे. दारू किंवा अमली पदार्थांमुळे झालेला आजार मिळणार नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाचा खर्च मिळणार नाही. म्हणजे कर्जाने आणि दारूने खचलेल्या शेतकऱ्याने फवारणीचे औषध घेतले, तर दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी काढलेला विमा नेमका तिथे हात वर करणार.

पुढची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारच्या गडचिरोलीचे नाव त्यात होते, आपले नव्हते. आपल्यापर्यंत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या जिल्ह्यांबरोबर पोचली. पिवळे आणि केशरी रेशन कार्ड, वर्षाला दीड लाख रुपये, ९७२ उपचार, ३० विशेष शाखा. मी तेव्हा ती पुस्तिका बारकाईने पाहिली होती, कारण पेशंट मलाच विचारणार होते. जनरल सर्जरीपासून त्वचारोगापर्यंत तीस शाखा होत्या. मानसोपचार नव्हता. तीसमध्ये एकतिसाव्याला जागा नव्हती असे नाही. कोणाला आठवण झाली नाही, किंवा 'त्यासाठी सरकारी दवाखाना आहेच' असे कोणाला वाटले असावे. माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो.

त्याच योजनेत एक फार चांगली गोष्ट होती, १२१ फॉलो-अप पॅकेजेस. हृदयाच्या किंवा मेंदूच्या काही मोठ्या उपचारांनंतर रुग्णाला पुढची तपासणी आणि औषधे लागतात, ती थांबली तर आधीचा खर्च वाया जातो, हे योजना आखणाऱ्यांना पक्के माहीत होते. त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे ठेवले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१ एप्रिल २०१७ पासून या योजनेचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये. तिच्या पहिल्याच यादीत मानसिक आजारांची १७ पॅकेजेस होती. स्किझोफ्रेनिया, मूड डिसऑर्डर यांच्याबरोबर मादक पदार्थांच्या सेवनामुळे होणारे मानसिक विकारही त्यात लिहिलेले होते. दहा वर्षांपूर्वीच्या योजनेत जे 'मिळणार नाही'च्या यादीत होते, ते इथे 'मिळेल'च्या यादीत आले. वर्तमानपत्रांत याचा फार गाजावाजा झाला नाही, पण माझ्या मते दीडशे वर्षांतला हा खरा बदल आहे. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्राने दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या आणि २०२३ च्या निर्णयाने रेशन कार्डधारक सगळ्या कुटुंबांसाठी ५ लाखांचे संरक्षण आणि १,३५६ उपचार असे ठरले.

तर मग त्या बाईला मी सरळ 'हो' का म्हणालो नाही?

भरती आठ दिवसांची, आजार आठ वर्षांचा

कारण कार्ड भरतीचे पैसे देते. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. आपल्या राज्याच्या योजनेत डिस्चार्जनंतरचे १० दिवस. ओपीडी, म्हणजे महिन्याची फेरी, महिन्याच्या गोळ्या, समुपदेशन, यात बसत नाही.

अपेंडिक्सला हे पुरते. दारूला पुरत नाही. जरा सविस्तर सांगतो.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. काहींना दुसऱ्या दिवसाच्या आत झटके येतात. दोन ते चार दिवसांत काही जणांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरचे लोक ओळखू येत नाहीत. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही झाला तर माणूस दगावू शकतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला 'आजपासून एक थेंब नाही' असे घरच्या घरी शपथ घालून बंद करणे धोक्याचे आहे. हा आठवडा दवाखान्यात काढावा. झटके टाळणारी औषधे, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पाणी-क्षारांचा तोल, एवढ्याने बहुतेक जण सुरक्षित पार होतात. या आठवड्याला विमा उपयोगी पडतो आणि पडायलाच हवा.

पण या आठवड्यात दारू 'सुटत' नाही, शरीरातून उतरते. व्यसन सुटते ते पुढच्या वर्षभरात. ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारख्या गोळ्या, दर पंधरवड्याला कोणीतरी विचारणारे, बायकोशी बसून बोलणे, झोप आणि उदासीनता यांकडे लक्ष, आणि घसरला तर न ओरडता पुन्हा उभे करणे. घसरणे सगळ्यात जास्त होते ते पहिल्या काही महिन्यांत. या बाईच्या नवऱ्याची मंडईही डिस्चार्जनंतर महिनाभराने आली. पंधरा दिवस केव्हाच संपले होते. स्वादुपिंडाचा खर्च भरून निघाला, दारूला त्या नऊ दिवसांत कोणी हातही लावला नव्हता.

(जाता जाता: 'न कळवता दारू सोडवा' अशा जाहिराती पाहून भाजीत पूड मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.)

दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळतो तो १८० जणांमागे एकाला. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. फक्त भरतीचे पैसे देणारी योजना पूर्ण क्षमतेने चालली तरी ती या १८० पैकी किती जणांपर्यंत पोचणार? १८६४ मध्ये सरकारी पैसा खाटेमागे गेला आणि कार्डाच्या जमान्यातही तो खाटेमागेच जातो आहे. फक्त कुलूप निघाले, हे मात्र मान्य करायला हवे.

आता ती १२१ फॉलो-अप पॅकेजेस आठवा. हृदयाच्या ऑपरेशननंतर औषधे चुकली तर केलेला खर्च वाया जातो, हे ज्या योजनेला कळले, तिला दारूच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या भरतीनंतरही तेच लागू आहे हे कळायला हरकत नाही. वर्षभराचे फॉलो-अप पॅकेज: महिन्याला एक तपासणी, गोळ्या, समुपदेशनाच्या ठरावीक बैठका. नवा शोध लावायचा नाही, जुनीच सोय नव्या आजाराला जोडायची आहे.

कायदा काय म्हणतो

एप्रिल २०१७ मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) ने सांगितले की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे. त्याच कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या आहे, आणि तिच्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थिती स्पष्ट लिहिलेल्या आहेत. १६ ऑगस्ट २०१८ ला विमा नियामकाने कंपन्यांना हे पाळायला सांगितले. तरी दावे नाकारले जात राहिले. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका प्रकरणात सांगावे लागले की कायदा लागू झाल्या दिवसापासून ही जबाबदारी आहे, जुन्या पॉलिसीत वगळले होते हे कारण चालणार नाही.

गंमत पुढे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच नियामकाने 'कंपन्या काय वगळू शकतात' याची प्रमाणित यादी काढली. मानसिक आजार सरसकट वगळायला मनाई केली, हे उत्तम. पण बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळायची मुभा ठेवली. कायद्याच्या व्याख्येत आत, पॉलिसीच्या यादीत बाहेर. तुमच्याकडे खासगी मेडिक्लेम असेल तर कागद काढून हे कलम बघा, बहुतेक पॉलिसींत सापडेल. माझ्या एका पेशंटचा कावीळचा दावा फक्त केसपेपरवर 'क्वचित मद्यपान' लिहिले होते म्हणून अडला होता. त्यानंतर लोक डॉक्टरांपासून दारू लपवायला शिकतात, आणि आम्ही झटक्यांचे कारण शोधत बसतो.

या कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. कलम १८ म्हणते की मानसिक आरोग्याच्या सेवा मिळणे हा हक्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर व्यक्तींना सरकारी ठिकाणी त्या मोफत मिळाल्या पाहिजेत. आणि ठरवलेल्या किमान सेवा एखाद्या जिल्ह्यात नसतील, तर त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. देवरी किंवा सालेकशाच्या माणसासाठी हे कलम कोणत्याही कार्डापेक्षा मोठे आहे. ते वापरून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

दुसरा खिसा

ओपीडीचा खर्च विमा करत नाही, मग कोण करते? सरकार थेट करते, वेगळ्या खिशातून. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात, खेड्यातल्या आरोग्य केंद्रांतूनच मनोविकाराची औषधे देता येतात हे करून दाखवले गेले आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीला फक्त चार जिल्ह्यांत. आज तो देशातल्या ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मानसोपचार विभाग आलाच. नागपूरची फेरी न करता मनोविकाराची गोळी मिळण्याची वाट अशी हळूहळू जवळ आली.

व्यसनाचा खिसा तिसराच. १९८५-८६ पासून केंद्राच्या समाजकल्याण खात्याने व्यसनमुक्तीसाठी संस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. महाराष्ट्रात 'दारू हा आजार आहे' हे वाक्य घराघरांत पोचवण्याचे श्रेय मी या केंद्राला देईन. पण व्यसन आरोग्य खात्याकडे की समाजकल्याणाकडे, या दुभंगामुळे पेशंटची फरपट होते. उदासीनतेच्या गोळ्या एकीकडे, दारूचे समुपदेशन दुसरीकडे, आणि माणूस एकच.

आपल्या शेजाऱ्यांनी वेगळी वाट धरली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी झाली, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' कार्यक्रमात, सरकार आणि संस्थांच्या एकत्र पैशांतून, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराची क्लिनिक सुरू झाली. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बंदी असावी की नसावी यावर मी इथे बोलणार नाही, त्यावर आमच्या घरातही एकमत नाही. तालुक्याला क्लिनिक ही गोष्ट मात्र मला पटते, कारण बाजाराच्या दिवशी माणूस तिथे तसाही येतो.

त्या बाईला काय सांगितले

नवऱ्याला आत बोलावले. रोज किती, सकाळी उठल्यावर लागते का, झटका कधी आला होता का, हे विचारले. सकाळी लागत होती, हात थरथरत होते, झटका एकदा येऊन गेला होता. म्हणजे भरती हवी. मी चिठ्ठीवर फक्त 'पोटदुखी' न लिहिता 'दारूचे अवलंबन, विथड्रॉलचा धोका, पूर्वी झटका' असे पूर्ण लिहिले. हे लिहिण्यावर बरेच काही अवलंबून असते. पोट लिहिले की पोटाचेच पॅकेज लागते.

मग तिला सांगितले की कार्डे घेऊन आधी सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. मानसिक आजाराच्या पॅकेजमध्ये हे बसवता येते का, आणि इथे नाही तर कुठे, हे तोंडाने विचारा. टेबलावर कोणी नसेल तर राज्य योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे नंबर आहेत. पॅकेज लागो न लागो, भरती टाळू नका. सुटी होताना मानसोपचार विभागाचा पुढच्या तारखेचा कागद घेतल्याशिवाय निघू नका. पंधरा दिवसांनंतरच्या गोळ्या कार्डावर मिळणार नाहीत, त्या सरकारी ओपीडीतून मिळवायच्या. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६, दोन्ही फुकट.

तिने सगळे नंबर रेशन कार्डाच्या पाठीमागे लिहून घेतले. नवऱ्याने एकच विचारले, "धान कापणीच्या आधी होईल ना जी?" मी कॅलेंडर पाहिले. दहा आठवडे होते. भरतीला एक, म्हणजे पहिल्या चार फेऱ्या कापणीच्या आधी बसत होत्या, पाचवी मंडईच्या आठवड्यात येत होती. ती तारीख मी लाल पेनाने लिहिली.